रबराचा की धातूचा

"खोकं माझ्यासमोर फोडायचं," राजवीर म्हणाला. "आणि जुना पार्ट माझ्याकडं द्यायचा. इथं ठेवायचा न्हाई."

आकाराम मिस्त्रीनं नुसती मान हलवली. उद्यमनगरात तीस वर्षं गॅरेज चालवल्यावर असली गिऱ्हाइकं नवी राहत नाहीत. नवरा-बायको दोघं आले की गाडी बायको चालवते आणि बोलतो नवरा, हेही त्याला पाठ होतं.

गाडी निशिगंधाची. पेट्रोलवरची, टर्बोची. निशिगंधा साखरप्याच्या बँकेत. सोमवारी आंबा घाट उतरून जायची, शनिवारी चढून घरी यायची. गेले तीन शनिवार चढाला गाडी दम टाकत होती. पाय कितीही दाबा, ओढच नाही. मागच्या शनिवारी ती एका ट्रकला मागं टाकायला बाहेर निघाली आणि गाडी निम्म्यातच मेल्यासारखी झाली. समोरनं एसटी येत होती. कशी वाचली ते तिचं तिलाच माहीत. घरी येऊन सांगितलं तर राजवीर एवढंच म्हणाला, "म्हणून म्हणतोय, बदली माग." आज मात्र तो कुणी न बोलावता गॅरेजला बरोबर आला होता.

आकारामनं फळीवर दोन व्हॉल्व्ह मांडले.

"टर्बोची हवा धरून ठेवायची आन पाय काढला की सोडायची, एवढंच काम ह्याचं. ह्यो फाटला की हवा पळती आन गाडी म्हातारी हुती. ह्यो कंपनीचा, ह्याला रबराचा पडदा हाय. आन ह्यो सगळा धातूचा. जरा आवाज करतोय, पण दणकट हाय."

"कंपनीचाच घाल," राजवीर म्हणाला. "धातूचा म्हणं. कुठल्या भट्टीत ओतलाय कुणास ठाऊक. शिरोलीत माझा स्वतःचा लेथचा कारखाना हाय, मला नको शिकवूस."

त्यानं खोक्यावरचं चकचकीत लेबल नखानं खरवडलं. नंबर मोबाइलवर ताडून बघितला. रबराचा वास घेतला. निशिगंधाला लाज वाटत होती, पण खरं सांगायचं तर तिचाही मिस्त्रीवर पुरता भरवसा नव्हता. दोन खोकी, दोन भाव, आणि दोन्हींबद्दल एकाच सुरात बोलणारा माणूस. ह्याला ह्यात काय सुटतं, कोण जाणे.

जुना व्हॉल्व्ह काढायला आकाराम गाडीखाली शिरला. अर्ध्या तासाचं काम, पण तासभर लागला. बाहेर आला तेव्हा घामाघूम झाला होता. राजवीर प्लास्टिकची पिशवी उघडून तयारच होता. आकारामनं त्याच्या पिशवीकडं बघितलंसुद्धा नाही. जुना पार्ट गाडी चालवणाऱ्याच्या हातात द्यायचा, ही त्याच्या गॅरेजची रीत. त्यानं तो निशिगंधाच्या तळव्यावर ठेवला.

"वैनी, रबर जरा ताणून बघा."

तिनं अंगठ्यानं ताणलं. नखाएवढी चीर होती. अगदी सरळ.

"फाटलाय," ती म्हणाली.

"फाटल्यालं रबर असं दिसत न्हाई. त्याच्या चिंध्या हुत्यात. ह्ये ब्लेडनं कापलंय."

"झालं, सुरू झाली नाटकं," राजवीर उसळला. "खाली शिरून ह्यानंच कापला असणार. नवा खपवायला. ह्या असल्या माणसांचं हेच असतंय, निशिगंधा. चल, दुसरीकडं जाऊ."

क्षणभर तिलाही ते पटलं. तासभर हा खाली करत तरी काय होता? तिनं मिस्त्रीच्या खिशाकडं बघितलं, हातांकडं बघितलं. ते त्याच्या लक्षात आलं. त्याला राग आला होता. त्यानं व्हॉल्व्हचे तीन स्क्रू तिच्यासमोर आपटले.

"मी कापला असता तर ह्ये कशाला करून ठिवलं असतं? मिलिमीटरच्या स्क्रूत कुणीतरी इंचाच्या मापाची ॲलन चावी घालून फिरवलीया. सहा कोनाची भोकं पार गोल करून टाकल्यात. काढताना माझा जीव निघाला. आमच्या धंद्यात इंचाच्या चाव्या आता कोण ठेवत न्हाई. त्या असत्यात जुन्या लेथवाल्यांच्या..."

पुढचं त्यानं गिळलं. फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेली फळीच पुसायला लागला.

निशिगंधा राजवीरकडं वळली. पिशवी त्यानं चुरगाळून मुठीत धरली होती.

"ओढ कमी झाली की कंटाळशील, असं वाटलं," शेवटी तो म्हणाला. "बदली घेऊन घरी येशील. बाकी काय न्हवतं माझ्या मनात."

"समोरनं एसटी आली होती. सांगितलं होतं मी तुम्हाला."

"ऐकलं की."

"ऐकलंत. आणि तरी आठवडाभर गप्प बसलात."

परक्या माणसासमोर हे सगळं निघालं म्हणून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याहून जास्त संताप आला. तिनं कंपनीचं खोकं बाजूला सारलं. धातूचा व्हॉल्व्ह उचलला, हातात तोलून बघितला आणि मिस्त्रीला दिला.

"हा बसवा. आवाज केला तर करू दे."

मग तिनं राजवीरसमोर हात पसरला.

"गाडीची दुसरी चावी."

त्यानं खिशातनं जुडगा काढला. घराची, कारखान्याची, मोटरसायकलची, आणि ही. कडं घट्ट होतं. तो नखानं उचकटायला लागला. नख सटकत होतं, पुन्हा घालत होता. आकारामच्या हातात बारका स्क्रूड्रायव्हर होता. तो त्यानं पुढं केला नाही. निशिगंधाचा हात तसाच पसरलेला होता.