डाव्या बुटातलं नाणं

या मंडळी, जवळ बसा, एका तांब्याच्या नाण्याची गोष्ट ऐका. आमच्याकडे स्वीडनमध्ये नवरीच्या डाव्या बुटात बाप नाणं ठेवतो. आमच्या गावच्या गुनवोर नावाच्या मुलीनं फिनलंडच्या मजुराशी लग्न ठरवलं, तेव्हा बापानं संतापून घराण्याचं नाणं गोंद थापून भिंतीवरच्या घड्याळाला चिकटवून टाकलं. बाप गेला, घड्याळ तिच्याकडे आलं. आज तिच्या लेकीचं लग्न. गुनवोर नाणं सोडवून अ‍ॅसिटोननं त्यावरचा गोंद पुसत होती. भाऊ म्हणाला, “ताई, पॉलिशची पावडर लावून घास की, चकचकीत होईल!” “हात लावशील तर बघ! आईच्या लग्नात तिच्या टाचेनं झिजलंय ते. तिची खूण पुसतोस? बापाचाच लेक तू!” गोंदात बापाच्या अंगठ्याचा ठसा होता. तो मात्र तिनं दातओठ खात पुसला. मग नाणं आपल्या नवऱ्याच्या हातात दिलं. “ठेव लेकीच्या बुटात. बाप तू आहेस.” मंडळी, प्रार्थनेला बसाल तेव्हा स्वतःच्या लग्नात रिकाम्या बुटानं चर्चच्या वेदीपर्यंत गेलेल्या गुनवोरला आठवा.