कुंपणावरचा हातमोजा

सोलरूनने नवा छाप उचलून पाहिला आणि वैतागून टेबलावर आपटला. "पुन्हा तेच!"

लोकरी हातमोज्याचा ठसा तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने एकदाच कोरला गेला होता, बोटं सरळ पसरलेली. भिंगाखाली तिने तो पुन्हा तपासला. पत्रा तसाच होता. कागदावर मात्र दर छापाला बोटं थोडी अधिक मिटत होती. उद्याच्या प्रदर्शनात सगळे छाप हुबेहूब हवे होते, नाहीतर तिची जागा दुसऱ्याला जाणार होती.

"कागद जास्त भिजतोय तुझा," शेजारी शाई घोटणारा आयविंड म्हणाला.

"मोजून भिजवलाय, शहाण्या!"

"मग त्या मोज्यालाच राग आलाय. कुंपणावर अडकवलेला हातमोजा कुणी उचलतं का, बाई? ज्याचा हरवतो, तो शोधत येतो."

"हिवाळाभर तिथेच होता. कुणी आलं नाही."

तिने पत्र्याला शाई लावली, जास्तीची पुसली, ओला कागद अंथरला आणि रागारागाने प्रेसचं चाक फिरवलं. मग कोपरा चिमटीत धरून कागद उचलू लागली. तो अर्ध्यावर अडला.

"सोड ना आता!" ती कागदावर खेकसली.

चिकटलेला कागद एक तर सुटतो, नाहीतर फाटतो. हा सुटला नाही, फाटलाही नाही. तिने जेवढा ओढला होता, तेवढाच तो खालून, सावकाश, परत ओढला गेला.