दहाव्याचा फ्लेक्स

"अजून पुसट करा," सुनील म्हणाला. "मानेवरचं दिसाया नको."

आरतीने स्क्रीनवरचा फोटो मोठा केला. फोटो घोडेगावच्या कुठल्याशा लग्नातला होता. रेश्मा पंचविशीची, अंगावर हिरवी साडी, चेहऱ्यावर फोटोपुरतं हसू. गळ्यातल्या ठुशीच्या वर लालसर वळ होते.

"ठुशी घासली हुती," सुनीलने न विचारताच सांगितलं.

मागे बाकावर त्याचे वडील, गोरक्ष, टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. त्यांचे डोळे रडून सुजले होते. रेश्मा पाय घसरून विहिरीत पडली, उद्या दहावा, एवढंच त्यांनी आल्या आल्या सांगितलं होतं. लेक गेलेला बाप असाच दिसतो, आरतीला वाटलं.

श्रीगोंद्यात माणूस जिवंत असेतो फ्लेक्सवर गॉगल लावून रंगीत झळकतो आणि गेला की काळापांढरा होतो. आरतीचं दुकान निम्मं वाढदिवसांवर चालायचं, निम्मं श्रद्धांजल्यांवर. तिचं सॉफ्टवेअर फुकटात उतरवलेलं होतं, पण काम चोख करायचं. नुसता रंग काढला की चेहरा मातकट दिसतो. म्हणून ती तांबडी, हिरवी आणि निळी अशा तीन पट्ट्या मागेपुढे सरकवून फोटो जमवायची. आता तिने तांबडी पट्टी पुढे नेली. वळ कातडीत विरून गेले.

"झकास," सुनील म्हणाला, आणि लगेच त्याने तोंड पाडलं.

आरतीला तो शब्द खटकला. पण दुःखात माणूस काहीही बोलून जातो.

"सुन्या, दहाव्याचं सामान घिऊन ये बाजारातनं," गोरक्ष म्हणाले.

"आदी छापू द्या की."

"ताई छापत्यात. मी बसलोय हितं."

सुनील घुटमळला. एकदा स्क्रीनकडे, एकदा बापाकडे बघून बाहेर पडला. मोटरसायकलचा आवाज लांब गेल्यावर गोरक्ष उठून टेबलाशी आले.

"ताई, त्ये वळ परत आना. जेवढं दिसत्याल तेवढं दिसू द्या."

"बाबा, दादा आत्ताच पुसायला सांगून गेले."

"म्हनून तर."

आरतीचा हात माउसवर तसाच राहिला. दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत पाय घातला की आपणच लटकतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नाही म्हणावं, असं तोंडावर आलं होतं. पण म्हाताऱ्याची नजर फोटोवरून हलत नव्हती.

तिने तांबडी पट्टी मागे ओढली, निळी पुढे सारली. रेश्माचा चेहरा काळवंडला आणि मानेवरचे वळ ठसठशीत वर आले. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक.

"ही ठुशी नाही, बाबा."

"न्हाई."

"सासरच्यांनी?"

"सासरच्यानीच."

"मग पोलिसांत सांगायचं ना."

"तितं पाय घसरला म्हनून मीच सांगून आलोय. आता परत तोंड उगडंल, असा माजाच मला भरवसा न्हाई. उद्या घाटावर समदा गाव येनार, पोलीस पाटीलबी येनार. बगत्याल डोळ्यांनी."

आरतीला सुनीलचा भयंकर राग आला. "आणि दादा हे लपवायला सांगतात? सख्खा भाऊ असून?"

कोपऱ्यावर मोटरसायकल वाजली तसे गोरक्ष दचकून दाराशी गेले. दुसरीच कोणाची तरी होती.

"बिगीनं करा, ताई. त्यानं बगितलं तर फाडून टाकंल."

आरतीने फोटो घाईघाईने फ्लेक्सवर बसवला, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं, खाली 'शोकाकुल'.

"वडील आणि भाऊ, एवढंच लिहू ना?"

"तिला बाप-भाऊ कुनी नव्हतं, ताई. माजं नाव टाका आन् म्होरं लिवा, सासरा. नवऱ्याचं नको, त्याची बोटं आल्यात वर."