खिशातला खर्रा

बेंडूक आपणच सोलणार, या अटीवर पत्रू बुधरीच्या अंगणात बसला.

"तू हात लावू नको बाई. मीच करतो."

"नाई लावत भाऊ," बुधरी म्हणाली आणि चुलीकडे वळली.

तिचा नवरा सुकलू जाऊन वर्ष झालं होतं. मेलेल्यानं शेवटचा घास ज्याच्यासोबत खाल्ला, त्याला वर्षाच्या जेवणाला बोलवायचं, अशी गावाची रीत. न जाणं म्हणजे गुन्हा कबूल करणं.

गुन्हा तर होताच. तेंदूपत्त्याच्या हिशेबाची मुनशीगिरी सुकलूला मिळणार होती, आणि पत्रूच्या पोटात दुखलं. जंगलातल्या पार्टीत त्यानं खरबरीत पाठीचा, विषारी बेंडूक कातड्यासकट सुकलूच्या रश्श्यात सोडला. चुकून पडला असेल, असं गाव म्हणालं. मुनशीगिरी पत्रूकडे आली. बुधरी मात्र एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच त्याला वर्षभर खात होतं.

समोर ठेवलेल्या खोल मडक्यातून दोरी बाहेर आली होती. त्यानं ती ओढली. पाय बांधलेले चार बेंडूक वर आले. पिवळे, गुळगुळीत, खायचेच. त्यानं एकेक उलटून पाहिला. अंगावर पांढरट चिकटा होता, पण बेंडूक म्हटला की चिकट असायचाच. त्यानं भराभर कातडी उतरवली.

"घे आता. कातडं गेलं का जहर गेलं."

"मले माहीत आहे," बुधरी म्हणाली. मांस धुऊन तिनं हंडीत टाकलं. "हात धुवाले पाणी देऊ काय?"

"राहू दे."

या घरचं पाणीसुद्धा नको, असं मनात म्हणत त्यानं दुपट्ट्याला हात पुसले. खिशातला सुपारी-तंबाखूचा खर्रा काढला, तळहातावर सावकाश घोटला आणि गालात धरला. खर्रा स्वतःचा होता, त्याची कसली भीती.

रस्सा शिजला. "आधी तू खा," पत्रू म्हणाला.

बुधरीनं भात कालवला आणि पोटभर खाल्ला. तो टक लावून पाहत राहिला. तिला काहीच झालं नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं ताटाकडे हात नेला, पण बोटं थरथरली. जीभ लाकडासारखी झाली होती.

"जेवा ना भाऊ."

बुधरी उठली. मडकं उचलून तिनं धानाच्या बांधीजवळ नेलं आणि उपडं केलं. सकाळपासून त्या चार पिवळ्यांच्या अंगाला अंग घासत तळाशी बसलेले सहा खरबरीत बेंडूक एकामागून एक धानात शिरले.