ओल

सासऱ्यांच्या खोलीतल्या भिंतीला ओल आली होती. रंगाचे पापुद्रे सुटले होते, कोपऱ्यात काळी बुरशी धरली होती आणि सासऱ्यांचा खोकला काही केल्या थांबत नव्हता. वरच्या मजल्यावर राहणारे मोठे दीर रोज सकाळी चक्कर मारायचे आणि नाकाला रुमाल लावून दारातूनच सल्ले द्यायचे.

"बाबांना वाफ देत जा. खिडकी उघडी ठेव. आणि जरा स्वच्छता पाळ गं, आजारी माणसाची खोली आहे ही!"

धाकटी सून फिनेलचं फडकं घेऊन भिंत पुसायची. दुसऱ्या दिवशी बुरशी पुन्हा हजर.

शेवटी तिने प्लंबरला बोलावलं. त्याने गिलावा फोडला आणि तोंड फिरवलं. "ताई, हे साधं पाणी नाही. वरच्या संडासाचा पाइप फुटलाय."

इतके दिवस बाबा याच भिंतीला डोकं टेकून बसत होते. ती तशीच धावत जिना चढून वर गेली.

"दादा, तुमच्या संडासाचा पाइप फुटलाय! सगळं बाबांच्या उशाशी झिरपतंय!"

दिरांनी तिला उंबरठ्याबाहेरच थांबवलं.


"मला कधीचंच माहीत आहे. पण पाइप बदलायचा म्हणजे आमच्या नव्या फरश्या फोडायच्या. घरभर किती घाण होईल, कल्पना आहे का तुला?"