इंजेक्टरचं सुतक

चिमाजीने टेस्टरचा दांडा खाली दाबला, तसा सोमाच्या जीपचा इंजेक्टर डिझेलचा फवारा उडवायचा सोडून नुसता थुंकला.

पुन्हा दाबला. पुन्हा थुंकला. टोकावर काजळी अशी बसली होती की नखाने खरवडूनही निघेना.

"बघा!" चिमाजीने हात पुसले आणि मिशीला पीळ दिला. नाशिकच्या सातपुरात त्याच्या वर्कशॉपचा बोर्ड दोनदा वाऱ्याने पडला होता, पण गिऱ्हाईक कधी चुकलं नव्हतं. 'तो मिशीवाला' एवढं म्हटलं की पुरे. "सहा महिने गाडीला औषध पाजलं. गेला का खोकला?"

औषध म्हणजे डिझेलच्या टाकीत ओतायची बाटली. ती ओतली की इंजेक्टर साफ राहतो, असं बाटलीवर छापलं होतं, आणि सुरगाण्याच्या सोमाचा छापलेल्या अक्षरावर विश्वास होता. चिमाजीचा नव्हता. सत्त्याण्णवच्या आषाढात, चहाच्या टपरीवर, अकरा माणसांसमोर तो बोलून बसला होता, "औषधाने इंजेक्टर साफ राहिला तर मिशी उतरवीन." ठरलं असं, की सोमाने दर महिन्याला एक बाटली ओतायची, जमीलने एकही नाही. दोघांच्या जीपा सुरगाणा-नाशिक. पंप एक, घाट एक, माणसं कोंबायची पद्धतही एक.

पैज साधी नव्हती. चिमाजीच्या घरात बाप गेल्याशिवाय मिशी काढत नाहीत. आणि त्याचे वडील सहादूबाबा, वय वर्षं एक्क्याऐंशी, वर्कशॉपच्या दारात स्टुलावर बसून उन्हाला भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

"आता जमीलची गाडी." चिमाजीने दुसरा इंजेक्टर लावला, दांडा दाबला.

फवारा उडाला. बारीक, सारखा, लग्नातल्या गुलाबदाणीसारखा. टोक इतकं चकचकीत की चिमाजीला त्यात स्वतःची मिशी दिसली.

"घ्या! बिनऔषधाची गाडी साफ, औषधाची काळी. म्हणजे औषध नुसतं फुकट नाही, विषारी आहे. हे पेपरात द्यायला पाहिजे!"

सोमा खाली बघत जीपकडे गेला. मागची सीट उचलून त्याने एक पिशवी आणली आणि आतल्या बाटल्या बाकावर ओळीने मांडल्या. सहा. सहाही झाकणांचं सील शाबूत.

"मिस्तरी, म्या ओतलंच नाय."

"काय?"

"एवढी भारी वस्तू, ती रोजच्या डिझेलात कुठं घालायची? उन्हाळ्यात पोरीचं, सुवर्णाचं, लगीन हाय. वऱ्हाड न्यायच्या दिवशी काढू म्हनलं."

चिमाजीचा जबडा खाली आला. मिशी मात्र जागच्या जागी. दोन्ही गाड्या बिनऔषधाच्या, म्हणजे प्रश्नच मिटला. "पैज रद्द!" तो ओरडला.

जमील खोकला.

हा जमील सहा महिने टपरीवर 'औषध म्हणजे रंगीत रॉकेल' असं सांगत फिरला होता. आता तो आपल्या चपलांशी बोलू लागला. "चिमाजीभाई, मी ओतत होतो."

"तू?"

"हर महिन्याला. विश्वास नाही हां माझा. आजही नाही. पण गाडी आहे भाई, रिस्क कशाला?"

दारात सहादूबाबांनी आणखी एक शेंग फोडली. चिमाजीने इंजेक्टरकडे पाहिलं. इंजेक्टरने चिमाजीकडे.

"फिल्टर!" चिमाजी एकदम किंचाळला. "डिझेल फिल्टर कधी बदललास?"

"दर दोन महिन्याला."

"मग झालं की! फिल्टरने साफ राहिला. औषधाचा काय संबंध?"

"फिल्टरवर पैज नव्हती," दारातून सहादूबाबा म्हणाले.

"बाबा, लोक काय समजतील?"

"चिम्या, अकरा मानसांत बोलला ना तू? मग. मी इथंच बसलोय. जो इचारंल त्याला सांगन, मी जित्ता हाय. जा."

शेजारच्या सलूनमध्ये काम चार मिनिटांत उरकलं. वस्तरा लावण्याआधी न्हाव्याने दोनदा बाहेर डोकावून सहादूबाबा श्वास घेतायत ना, हे पाहून घेतलं.

चिमाजी परत आला तेव्हा सोमा आणि जमील उठून उभे राहिले. हसलं कोणीच नाही. पंचवीस वर्षांनी उजेडात आलेला तो वरचा ओठ पांढराफटक होता, लहान मुलाचा असावा तसा. डोक्यावर टोपी होती, त्यामुळे खाली केस आहेत की तेही गेले, हे कळायला मार्ग नव्हता.

समोरून भाजीवाल्या गोजराबाई पाटी घेऊन चालल्या होत्या. त्यांची नजर ओठावर गेली. पाटी खाली आली, मेथीच्या जुड्या रस्ताभर झाल्या.

"अगं बाई! कधी झालं हे?"

चिमाजीने तोंड उघडलं. बाटली, फिल्टर, सुवर्णाचं लग्न, सगळं एकदम ओठाशी आलं, आणि बाहेर नुसता हुंदक्यासारखा आवाज पडला.

तेवढा पुरला. गोजराबाई पदर डोळ्यांना लावून आल्या, स्टुलापाशी बसल्या आणि वर कोण बसलंय हे न बघताच सहादूबाबांच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

"धीर धरा, बाबा. लय देवमाणूस गेला."

सहादूबाबांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग धोतराच्या सोग्याने त्यांनी डोळे पुसले.

"हां," ते म्हणाले. "आत्तापर्यंत शेंगा खात होता."