बारवेला हरकत

गावची जुनी बारव वारसा वास्तू ठरवायची म्हणून नगरपरिषदेची रिक्षा भोंग्यावर ओरडत गेली, "ज्यांची हरकत असेल, त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं जाईल!"

सुनावणीला आली एकटी गवराबाई. घरी मुलगा आणि सून, दोघंही चाकणच्या कंपन्यांत. एक शिफ्टवरून येऊन झोपलेला, तर दुसरी शिफ्टला पळालेली.

साहेबांपुढे तिनं बारवेच्या पायऱ्यांवर धुणं धुणाऱ्या साऱ्या मैत्रिणी एकेक करून उभ्या केल्या. कोण गायची, कोण रुसायची. त्यातली आता एकही उरली नव्हती.

साहेब अवघडले. "पण आजी, यात तुमची हरकत काय?"


"हरकत कसली, साहेब? पर हरकत असंल त्याचंच ऐकून घेणार म्हनला व्हता न्हवं तुमी?"